आठशे मीटरची शर्यत : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

कित्येक शाळांच्या वार्षिक स्पर्धांत मुलींसाठी लिंबू-चमचा, संगीत खुर्ची व फार तर शंभर मीटर धावणे ठेवण्यात येते. लांबच्या शर्यती मुलांच्या वाट्यास जातात. मुलींना ते झेपणार नाही, ही त्यामागील समजूत. ह्याच समजुतीने एकेकाळी ऑलिंपिकमध्ये काय घडविले, ते शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

१८९६ च्या अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये एकही स्त्री नव्हती. १९०० मध्ये पॅरिस येथे काही स्त्रिया टेनिस व गोल्फ खेळल्या. परंतु धावण्याचे मैदान त्यांना बंदच राहिले. ऑलिंपिकचे प्रवर्तक कूबेर्तँ ह्यांचाही स्त्रियांच्या सहभागास विरोध होता. तेव्हा फ्रान्सच्या अॅलिस मिलिया ह्यांनी १९२२ मध्ये पॅरिस येथे स्त्रियांचे स्वतंत्र क्रीडासामने भरविले. अखेर १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मैदानी खेळांचे पाच प्रकार मिळाले. पाच म्हणजे फारच थोडे, म्हणून ब्रिटनच्या स्त्रियांनी त्यांवर बहिष्कार घातला.

त्या पाचांत आठशे मीटर धावणे होते. २ ऑगस्ट रोजी अंतिम शर्यतीत नऊजणी धावल्या. जर्मनीच्या लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांत जागतिक विक्रम केला. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. हे अंतर ती स्पर्धेत पूर्वी कधी धावलीही नव्हती. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून जमिनीवर टेकल्या, इतकेच. वृत्तपत्रांनी मात्र हाहाकार केला. एका अमेरिकन वार्ताहराने तर अकरा स्त्रिया धावल्या व पाचजणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, असे लिहिले. वस्तुतः नऊच्या नऊजणींनी शर्यत पुरी केली होती. तरीही ती स्पर्धा रद्द झाली, आणि पुढे १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी दोनशे मीटरहून लांब शर्यत ठेवली गेली नाही. १९२८ साली आठ वर्षांची असलेली मुलगी तोवर चाळीस वर्षांची झाली!

पुरुषांचा न्याय निराळा. १९०८ मध्ये लंडनला इटलीचा दोरान्दो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी वारंवार कोसळला. त्यास हात देऊन रेषेपार न्यावे लागले. मदत घेतल्याबद्दल तो बाद ठरला, पण त्याला राणीकडून चषक मिळाला. पुरुषांची मॅरेथॉन बंद करावी, असे काही ठरले नाही.

१९६० मध्ये रोम येथे सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला शेव्त्सोवा हिने तेच अंतर २ मिनिटे ४.३ सेकंदांत कापले. (दोन वेळांतील फरक मुलांकडून काढवून घ्यावा.) स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली, तर तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत २००८ मध्ये. ह्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत २०१६ साली सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याची ललिता बाबर धावली व दहावी आली.

पाठानंतर मैदानावरील काम घ्यावे. प्रथम चालणे व धावणे आलटून पालटून, मग अंतर आठवड्यागणिक थोडे वाढवीत, मुलगे व मुली दोघांकडूनही सारखाच सराव करून घ्यावा. आजारी मुलास वा मुलीस वगळावे. शर्यत संपताच कोणी मटकन खाली बसल्यास घाबरून न जाता उठवून सावकाश चालावयास लावावे व पाणी द्यावे. दमून बसणाऱ्यांत मुलगे किती व मुली किती, ह्याची नोंद दर खेपेस वहीत ठेवावी व वार्षिक स्पर्धांचा कार्यक्रम ठरविताना ती वही समोर घ्यावी.