छायाचित्राचा कर्ता कोण?

नेपोलियन सॅरोनी याचा जन्म १८२१ साली कॅनडातील क्वेबेक येथे झाला. शिळाछापाच्या चित्रांवर नाव मिळवून तो पुढे छायाचित्रणाकडे वळला. न्यूयॉर्कमधील त्याच्या चित्रशाळेत नटनटींची व प्रतिष्ठितांची रीघ लागे. खांबासारखा ताठ बसलेला मनुष्य त्याला रुचत नसे. पोशाख, पडदे, हातांची ठेवण, मुद्रेवरील भाव, सारे तो स्वतः योजी; कॅमेरा मात्र बहुधा साहाय्यकच चालवी!

१८८२ साली त्याने ऑस्कर वाइल्ड या आयरिश साहित्यिकाची छायाचित्रे घेतली. एकात वाइल्ड किंचित पुढे झुकून बसला आहे. एका हातात पुस्तक, दुसरा गालाशी. एका शिळाछाप कंपनीने सॅरोनीला न विचारता या चित्राच्या ८५,००० प्रती छापल्या. ज्या धंद्यात तो वाढला, त्याच धंद्याने त्याला लुबाडले! सॅरोनीने फिर्याद केली. कंपनीचे म्हणणे असे, की छायाचित्र यंत्र काढते. त्याला कर्ता कोठला? आक्षेप अगदीच पोरकट नव्हता. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : बैठक, वेष, छायाप्रकाश ही सारी योजना सॅरोनीच्या मनातून निघाली, तेव्हा चित्राचा कर्ता तोच.