आई-बाबांचं मेडिकेअर: पार्ट बी वेळेत घ्या, पुरेपूर वापरा

आई-बाबा ग्रीन कार्डवर कायमचे अमेरिकेत राहायला आले की आठवडाभरातच घरात विषय निघतो, ‘यांच्या इन्शुरन्सचं काय करायचं?’ न्यू जर्सी, टेक्सास, शिकागो, बे एरिया इथल्या जुन्या मराठी कुटुंबांकडे या प्रश्नाची उत्तरं आहेत, पण ती गणपतीच्या आरतीनंतर किंवा मंडळाच्या कार्यक्रमात तुकड्यातुकड्यांनी मिळतात. त्यातलं डॉक्टरांच्या भेटी, बाहेरच्या बाहेर होणारे उपचार आणि आजार होण्याआधी करायच्या तपासण्या यांबद्दलचं सगळं इथे एकत्र केलं आहे. आकडे २०२५ सालचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, तेव्हा आपल्या वर्षाचे ताडून पाहा.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘मी इथे वीस वर्षं टॅक्स भरतोय, म्हणजे आईची पासष्टी झाली की मेडिकेअर मिळणारच’ असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मुलाच्या नोकरीवर आई-वडिलांना मेडिकेअर मिळत नाही. ज्याने स्वतः किंवा ज्याच्या जोडीदाराने इथे ४० क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षं, काम करून कर भरला आहे, त्याला हॉस्पिटलचा विमा, म्हणजे पार्ट ए, हप्त्याशिवाय मिळतो. आपल्या आई-बाबांसाठी रस्ता वेगळा आहे. वय ६५ पूर्ण, हातात ग्रीन कार्ड आणि अमेरिकेत सलग पाच वर्षांचा मुक्काम झाला की त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं. पार्ट एचा पूर्ण हप्ता माणशी महिन्याला ५१८ डॉलर पडतो. डॉक्टर, तपासण्या आणि बाहेरच्या उपचारांचा पार्ट बी मात्र सगळ्यांना असतो त्याच दरात, महिन्याला १८५ डॉलरला मिळतो.

दोघांचा मिळून पार्ट ए हजाराच्या वर जातो, म्हणून बरीच कुटुंबं नुसता पार्ट बी घेतात. नियमाने ते चालतं. पण हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर तिथलं बिल अंगावर येतं. शिवाय मेडिगॅप ही पूरक पॉलिसी किंवा मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन घ्यायला ए आणि बी दोन्ही लागतात. औषधांचा पार्ट डी तेवढा नुसत्या बीवरही घेता येतो. आमचं स्पष्ट मत असं की झेपत असेल तर दोन्ही घ्या, आणि झेपत नसेल तर पार्ट बी तरी कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. बाबा धडधाकट असतील आणि इथे नोकरी करायची त्यांची तयारी असेल तर तोही विचार करा. ३० क्वार्टर भरले की पार्ट एचा हप्ता २८५ डॉलरवर येतो, ४० भरले की त्यांना आणि आईलाही तो हप्ता लागत नाही.

पाच वर्षं भरेपर्यंत व्हिजिटर इन्शुरन्सवर दिवस काढू नका. तो पाहुण्यांसाठी असतो. जुना मधुमेह, जुनं ब्लड प्रेशर त्यात सहसा बसत नाही आणि प्रतिबंधक तपासण्याही नसतात. ग्रीन कार्डवर आल्यापासून ६० दिवसांच्या आत सरकारी मार्केटप्लेसवरून रीतसर प्लॅन घेता येतो. सबसिडीचे नियम २०२६ पासून कडक झाले आहेत, तेव्हा शेजाऱ्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या हिशोबावर विसंबू नका.

मुदत चुकवू नका

पात्र होण्याचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने नाव नोंदवायला मिळतात. ही मुदत हुकली तर पुढची संधी दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातच. शिवाय उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पार्ट बीच्या हप्त्यात दहा टक्के दंड चढतो, आणि पार्ट बी असेतोवर तो भरावा लागतो. दोन वर्षं उशीर झाला की वीस टक्के जास्त, कायमचे. पार्ट डीलाही असाच दंड आहे, तो महिन्यांच्या हिशोबाने वाढतो.

अर्ज सोशल सिक्युरिटी ऑफिसात करायचा. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड तर न्याच, पण भारताच्या वाऱ्यांच्या तारखाही लिहून न्या. पाच वर्षं ‘सलग’ भरली का, हे तिथे तपासतात. नातवाची मुंज, गावच्या घराची दुरुस्ती, मग लग्नसराई असं करता करता भारतातला मुक्काम सहा महिन्यांच्या वर गेला, तर त्या सलगपणावर प्रश्न येतो.

पार्ट बी हातात आल्यावर वर्षाचे पहिले २५७ डॉलर आपल्या खिशातून जातात. त्यानंतर मेडिकेअरने मान्य केलेल्या रकमेच्या २० टक्के आपण भरायचे. डॉक्टरची भेट, एक्स-रे, एमआरआय, फिजिओथेरपी, वॉकर, इमर्जन्सी रूम, ॲम्ब्युलन्स हे सगळं यात येतं. रक्त-लघवीच्या मान्य तपासण्यांना सहसा ते २० टक्केही लागत नाहीत. मूळ मेडिकेअरमध्ये या २० टक्क्यांना वर्षाची कमाल मर्यादा नाही, हे मात्र विसरू नका. डॉक्टर निवडताना ‘तुम्ही मेडिकेअर असाइनमेंट घेता का?’ एवढं विचारून घ्या. घेत असतील तर मान्य रकमेपलीकडे ते काही मागू शकत नाहीत.

एक गोष्ट बहुतेकांना बिल आल्यावर कळते. छातीत दुखलं म्हणून बाबांना रात्री हॉस्पिटलात नेलं, दोन रात्री कॉटवर सलाइन लावून ठेवलं, अंगात हॉस्पिटलचा गाउनसुद्धा आहे, तरी कागदोपत्री ते ‘ऑब्झर्व्हेशन’मध्ये, म्हणजे बाहेरचे रुग्णच असू शकतात. मग तो खर्च पार्ट बीच्या हिशोबात धरला जातो, आणि नंतर नर्सिंग केंद्रात जावं लागलं तर त्या रात्री धरल्या जात नाहीत. तेव्हा ‘यांना इनपेशंट म्हणून दाखल केलंय की ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवलंय?’ हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि रोज विचारा.

आजारी नसताना डॉक्टरकडे

आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे पटवणं सगळ्यांत अवघड जातं. ‘मला काही होत नाहीये, कशाला उगाच डॉक्टरकडे?’ पण ज्या तपासण्यांसाठी हप्ता भरतोय, त्या न करून घेणं हे मोठं नुकसान आहे. पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत ‘वेलकम टू मेडिकेअर’ ही एकदाच मिळणारी भेट असते. त्यानंतर दर बारा महिन्यांनी ‘ॲन्युअल वेलनेस व्हिजिट’. असाइनमेंट घेणाऱ्या डॉक्टरकडे दोन्हींना एक पैसाही पडत नाही.

ही भेट म्हणजे आपल्याकडचं फुल बॉडी चेकअप नाही. डोक्यापासून पायापर्यंतची वार्षिक तपासणी, ज्याला इथे ‘फिजिकल’ म्हणतात, ती मेडिकेअर देत नाही. अपॉइंटमेंट घेताना फोनवर ‘मेडिकेअर ॲन्युअल वेलनेस व्हिजिट’ हे शब्द जसेच्या तसे म्हणा. त्या भेटीतच ‘डॉक्टर, गुडघाही दुखतोय हो’ असं निघालं आणि डॉक्टरांनी तो तपासला, तर त्या भागाचं वेगळं बिल येऊ शकतं. गुडघा लपवायचा नाही. त्याला पैसे पडतील एवढं ठाऊक असू द्यायचं.

भेटीत होतं काय? वजन, उंची, ब्लड प्रेशर. चालू औषधांची यादी, तीत भारतातून आणलेली आयुर्वेदिक चूर्णं आणि गोळ्याही सांगायच्या. मग प्रश्न. वर्षभरात कुठे पडलात का? बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का? उदास वाटतं का? बऱ्याच ठिकाणी तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते पुन्हा विचारतात आणि कागदावर घड्याळ काढायला लावतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात हेरायची ही साधी पद्धत आहे.

आता खोलीतलं चित्र डोळ्यांपुढे आणा. आई खुर्चीवर, शेजारी मुलगा, समोर नर्स. ‘गेल्या वर्षात पडलात का?’ आई हसून म्हणते, ‘नाही हो.’ दोन महिन्यांपूर्वी टबमधून बाहेर येताना तिचा पाय घसरला होता, पण ते तिने घरात सांगितलेलं नाही. सांगितलं तर एकटीला आंघोळीला जाऊ देणार नाहीत, ही धास्ती. ‘एकटं वाटतं का?’ मुलगा नर्सचा प्रश्न मराठीत सांगतो आणि त्याच्याकडे बघत आई म्हणते, ‘छे छे, सगळं छान चाललंय.’ दिवसभर घर रिकामं, गाडी चालवता येत नाही, बोलायला शेजारी कुणी नाही. पण हे मुलासमोर म्हणायचं कसं? तीन शब्दांचंही तेच. आयुष्यभर मराठीत वावरलेल्या बाईला अनोळखी इंग्रजी शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि ते तिला आठवले नाहीत, तर चूक भाषेची असते आणि नोंद स्मरणशक्तीची होते.

म्हणून आमचा आग्रह आहे की या भेटीला दुभाषी मागा. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या दवाखान्याने तो विनाशुल्क द्यायला हवा, तसा कायदा आहे. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदी दुभाषी फोनवर येतो. निदान पाच-दहा मिनिटं तरी मुला-सुनेने खोलीबाहेर थांबावं. भेटीअखेर पुढच्या काही वर्षांच्या तपासण्यांचं लेखी वेळापत्रक मिळतं. ते मागून घ्या आणि फ्रिजवर लावा.

त्या वेळापत्रकात काय काय असतं ते पाहू. मॅमोग्राम वर्षातून एकदा. हाडांची घनता दोन वर्षांनी, अर्थात डॉक्टरांना गरज वाटली तर. कोलेस्टेरॉल पाच वर्षांनी. साखरेची तपासणी, धोका असेल तर वर्षातून दोनदा. प्रोस्टेटसाठी पीएसए रक्त तपासणी वर्षातून एकदा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाची तपासणी दरवर्षी किंवा कोलोनोस्कोपी दहा वर्षांनी, धोका जास्त असेल तर दोन वर्षांनी. यांना आपल्याला पैसे पडत नाहीत. कोलोनोस्कोपीत गाठ सापडून काढली तर सध्या १५ टक्के द्यावे लागतात. २०२७ पासून ते दहा टक्के होतील आणि २०३० पासून शून्य. कुठलीही तपासणी ठरवताना ‘ही स्क्रीनिंग म्हणून जाणार की डायग्नोस्टिक?’ असं विचारा. तीच मॅमोग्राफी गाठ लागली म्हणून केली तर डायग्नोस्टिक धरतात आणि मग २० टक्के लागू होतात.

आपल्या माणसांसाठी मधुमेहाची सोय विशेष कामाची आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी मेडिकेअरचा एक प्रतिबंध कार्यक्रम आहे. त्यात आहार, व्यायाम आणि वजन यांवर गटाने वर्षभर काम करून घेतात, पैसे पडत नाहीत. इतरांसाठी प्रवेशाची अट बीएमआय २५ आहे, आशियाई वंशाच्यांसाठी ती २३ ठेवली आहे, कारण आपल्या शरीराला कमी वजनातही मधुमेह गाठतो. ‘बाबा तर सडपातळ आहेत’ म्हणून गप्प राहू नका. मधुमेह आधीच असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहारतज्ज्ञाचा सल्ला फुकट मिळतो, पहिल्या वर्षी तीन तास. भाकरी, पोहे, साबुदाणा या आपल्या ताटातल्या पदार्थांवर त्यांच्याशी बोला, नुसता छापील तक्ता घेऊन येऊ नका.

लशींपैकी फ्लू, न्यूमोनिया आणि कोविड पार्ट बीमध्ये येतात. नागीण म्हणजे शिंगल्स, आरएसव्ही आणि धनुर्वाताचा टीडॅप या पार्ट डीमध्ये, २०२३ पासून विनाशुल्क. पार्ट डी नसेल तर शिंगल्सचे पैसे खिशातून जातात.

दात, रोजचा चष्मा आणि कानाचं यंत्र मूळ मेडिकेअरमध्ये नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एक चष्मा मिळतो. मधुमेह्यांची डोळ्यांची वार्षिक तपासणी मिळते, २० टक्के भरून. दातांची कामं बरीच मंडळी भारतवारीत उरकतात. मात्र भारतात आजारी पडलं तर मेडिकेअर पैसे देत नाही, तेव्हा तिथला वेगळा विमा असू द्या. आणि सहा महिने तिकडे आहोत म्हणून पार्ट बी बंद करू नका. परत घ्यायला जानेवारीची वाट पाहावी लागते, दंडाची टांगती तलवार असते ती निराळीच.

मेडिकेअर नंबर फोनवर कुणालाही देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. मेडिकेअर आपणहून फोन करून नंबर विचारत नाही.

कुठला प्लॅन घ्यावा हे एजंटला विचारण्याआधी आपल्या राज्याच्या शिप केंद्राला विचारा. हे केंद्र सरकारी पैशावर चालतं, काही विकत नाही, सल्ला फुकट देतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये त्याला हायकॅप म्हणतात, फ्लोरिडात शाइन. उत्पन्न कमी असेल तर पार्ट बीचा हप्ता भरणाऱ्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रामची माहितीही तिथेच मिळते. तिथे जाताना एकच तयारी करा. आई-बाबांच्या ग्रीन कार्डवर ‘रेसिडेंट सिन्स’पुढे जी तारीख आहे तीत पाच वर्षं मिळवा, त्यातून तीन महिने मागे या आणि ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.