भूगोल : पाठांतराकडून शिवाराकडे

व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेचा दबदबा होता त्या काळी नद्या, भूशिरे, बंदरे व राजधान्या न अडखळता म्हणून दाखविणारा विद्यार्थी भूगोलात हुशार समजला जाई. परीक्षकालाही ही कसोटी सोयीची होती. परंतु गोदावरीच्या उपनद्या घडाघडा सांगणाऱ्या मुलाला आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो, हे सांगता येईलच असे नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने ही उणीव किती महागात पडू शकते ते दाखवून दिले. पर्जन्यछायेची व्याख्या पुस्तकात होती. आपल्या शिवारातील पाणी कोठून येते व कोठे जाते, याचा धडा मात्र नव्हता.

१९६७ मध्ये पुणे येथे 'बालभारती'ची स्थापना झाली. पुढे तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पाचवीला भारत असा जवळून दूर जाणारा क्रम रूढ झाला. स्थलनिर्देशक नकाशाचा परिचयही वरच्या वर्गात होऊ लागला. त्यात १:५०,००० या प्रमाणावर नकाशातील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. समोच्चरेषा दाटल्या की चढ तीव्र. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाचा आरंभच क्षेत्रभेटीने होतो, आणि भारत व ब्राझील यांची तुलना आकडे व आलेख यांवरून विद्यार्थ्याने स्वतः करावयाची आहे.

पुस्तक बदलले, तितकी परीक्षा बदलली असे म्हणवत नाही. आराखड्यात ठिकाणे भरण्याच्या प्रश्नासाठी ठिपक्यांच्या जागाच पाठ केल्या जातात. हे जुनेच पाठांतर. फक्त जिभेऐवजी पेन्सिलीने केलेले!

खरी कसोटी गावातच घेता येते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. पाचशे हेक्टरांच्या शिवारात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाल्यास ते पंचवीस लाख घनमीटर भरते. सातवीच्या मुलांना हा हिशेब जमतो, आणि पाणलोटाची कामे ठरविताना ग्रामपंचायतीलाही तोच करावा लागतो. शाळेतील पर्जन्यमापकाच्या नोंदी व गावनकाशा एवढे साहित्य आरंभास पुरते. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून मिळू शकते. त्यात गटांच्या हद्दी असतात, चढउतार नसतात; ते मुलांना शिवारात फिरूनच त्यावर उतरवावे लागतात.