स्वस्तातली पॉलिसी घेण्याआधी

न्यू जर्सीत नव्याने आलेली मंडळी गाडी घेतली की एजंटने पाठवलेलं कोटेशन मला दाखवतात. इथे इतकी वर्षं काढल्यावर आणि ओळखीपाळखीतले बरेच क्लेम जवळून पाहिल्यावर सांगावंसं वाटतं ते असं.

१. नो-फॉल्ट आहे ते दवाखान्यापुरतं. चूक कुणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च तुमची पॉलिसी देते. या भागाला पीआयपी म्हणतात. गाडीच्या पत्र्याचा हिशेब मात्र चूक कुणाची यावरच होतो. ओक ट्री रोडवर कुणी मागून ठोकलं, तर बंपरचे पैसे त्याच्या विम्यातून यायचे. म्हणून फोटो काढा, पोलीस रिपोर्ट करा. ‘नो-फॉल्ट तर आहे, कशाला कटकट’ म्हणून निघून जाऊ नका.

२. किमान रक्कम वाढली, तरी ती किमानच. १ जानेवारी २०२६ पासून काढलेल्या किंवा रिन्यू केलेल्या स्टँडर्ड पॉलिसीत समोरच्यांच्या इजेसाठी माणशी ३५ हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांचे मिळून ७० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५ हजार एवढं कव्हर लागतंच. २०२२ संपेपर्यंत हेच आकडे १५, ३० आणि ५ हजार होते. पण आजची चांगली नवी गाडी २५ हजारांत कुठे येते? वरचे पैसे तुमच्याकडे मागितले जाऊ शकतात. भारतातल्या थर्ड पार्टी विम्यात इजा किंवा मृत्यूच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते. त्यामुळे तिकडून आलेल्याच्या हे चटकन ध्यानात येत नाही.

३. ‘बेसिक’ पॉलिसी कायद्याला चालते, संसाराला परवडत नाही. तिच्यात मालमत्तेसाठी ५ हजार आणि पीआयपी १५ हजार. समोरच्याला इजा झाली तर त्यासाठी काहीच नाही. फार तर १० हजारांचं कव्हर वेगळं घेता येतं. गाठीशी घर किंवा बचत असेल, तर या वाटेला जाऊ नये.

४. पीआयपीत काटकसर नको. स्टँडर्ड पॉलिसीत पीआयपी १५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत घेता येतो. आमच्या शेजाऱ्यांच्या आई पुण्याहून आल्या होत्या. मागच्या सीटवर होत्या, धडकेत मनगट मोडलं. इमर्जन्सीच्या खिडकीवरच्या बाईने आधी गाडीच्या विम्याचा क्लेम नंबर विचारला. एक्स-रे, प्लास्टर, पुढची फिजिओथेरपी, सगळी बिलं मुलाच्या पीआयपीकडे गेली. आईंच्या व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड पर्समधून निघालंच नाही.

५. ‘आधी हेल्थ इन्शुरन्स, मग पीआयपी’ हा पर्याय घेतला की प्रीमियम उतरतो. पण आपल्यातल्या बहुतेकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीला बांधलेला. नोकरी गेली, तो बंद पडला आणि तेवढ्यात अपघात झाला, तर पीआयपी खर्च देतो, पण नेहमीच्या डिडक्टिबलवर आणखी ७५० डॉलर तुमच्या खिशातून जातात. नोकरी बदलली की एजंटला फोन करायचाच.

६. खटल्याच्या हक्काची चौकट वाचून मगच टिक करा. ‘मर्यादित हक्क’ निवडला की हप्ता कमी होतो. पण मग वेदना आणि मनस्तापाची भरपाई मागायला इजा गंभीरच असावी लागते. हाड मोडून जागेवरून सरकणं, कायमची इजा, अवयव गमावणं, मोठे व्रण, गर्भपात किंवा मृत्यू. महिनोन्‌महिने ठणकणारी, पण बरी होणारी मान त्यात बसत नाही.

७. समोरचाही किमानच घेऊन फिरतो, किंवा विम्याशिवायच. त्याची रक्कम अपुरी पडली, तर तुमचं अंडरइन्शुअर्ड कव्हर कामी येतं. पण ते तुमच्या लायबिलिटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या इजेसाठी तुम्ही किती रक्कम घेतली, त्यावर तुमचं स्वतःचं संरक्षण ठरतं. म्हणून कोटेशन मागताना किमान रकमेचं आणि माणशी एक लाख, अपघातामागे तीन लाखांचं, अशी दोन्ही मागवा. हप्त्यातला फरक बघा आणि मग ठरवा.