दवाखान्याची पारख आजारपणाआधी करा

सूत घेताना मालेगावचा कारखानदार चार व्यापाऱ्यांकडे फिरतो. काउंट पाहतो, भाव विचारतो, उधारी किती दिवसांची ते ठरवतो. तोच माणूस घरात आजारपण आले की रिक्षावाला नेईल त्या दवाखान्यात जातो आणि दाखवतील त्या कागदावर सही करतो. एका दुखण्यापायी माग विकावे लागल्याची उदाहरणे आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. व्यापारात घाटा आला तर पुढच्या हंगामात भरून निघतो, पण माग गेला की कारागीर मजूर होतो. म्हणून आजचा धडा दवाखान्यांच्या पारखीचा. उदाहरणासाठी मालेगाव घेऊ. भिवंडी, इचलकरंजीच्या बांधवांनी आपापल्या गावाचा हिशेब याच रीतीने मांडावा.

मालेगावकराचे सर्व पर्याय मुंबई-आग्रा महामार्गाच्या आसपास आहेत. गावात खासगी दवाखाने आणि शासनाचे सामान्य रुग्णालय, सुमारे 50 किलोमीटरवर धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शंभरेक किलोमीटरवर नाशिकची मोठी खासगी व धर्मादाय रुग्णालये, आणि शेवटी मुंबई.

गल्लीतला खासगी डॉक्टर हा आपला किरकोळ दुकानदार समजा. तो घर ओळखतो, आपल्या भाषेत बोलतो, पाळी सुटल्यावर रात्रीही भेटतो, प्रसंगी उधारीवर औषध देतो. ताप, खोकला, रक्तदाब, साखर यांसाठी त्याच्याइतका सोयीचा कोणी नाही. बायकांच्या दुखण्यात लेडी डॉक्टर जवळ असणे हीही मोठी सोय आहे. पण मोठा आजार निघाला की तो चिठ्ठी कुठे देतो, तिथे लक्ष ठेवावे. चिठ्ठीमागे कमिशन घेणारे सगळे नसतात, पण असतात. ‘दुसरीकडे दाखवू का?’ असे विचारल्यावर जो चिडत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

सामान्य रुग्णालयाला आपण फार लवकर नावे ठेवतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार नि:शुल्क केलेले आहेत. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोगाची औषधे, कुत्रा चावल्याची इंजेक्शने यांवर खासगीत पैसा घालवणे म्हणजे फुकट मिळणारे सूत विकत घेण्यासारखे आहे. कमजोरी अशी की विशेषज्ञ रोज हजर असतीलच असे नाही आणि गंभीर रोगी पुढे पाठवला जातो.

धुळ्याचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने वरचा 2023 चा निर्णय तिथे लागू होत नाही. तिथे शुल्क पडते, तरी ते खासगीच्या मानाने किरकोळच. शिकवणारे डॉक्टर, शस्त्रक्रियेची सोय, रात्रंदिवस हजर असलेले निवासी डॉक्टर ही त्याची ताकद. गर्दी, रांग आणि कधी बाहेरून आणावे लागणारे औषध ही कमजोरी. घरचा एक माणूस रोज धावपळीला लागतो आणि त्याची मजुरी बुडते. ती बुडालेली मजुरी, भाडे, जेवण हे खर्चात धरल्याशिवाय कोणताही दवाखाना स्वस्त की महाग ते ठरवू नये. हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या थांबू शकणाऱ्या कामाला धुळे उत्तम. मागाचा धंदा मंद असेल तो आठवडा पाहून जावे.

नाशिकच्या बड्या खासगी रुग्णालयांची ताकद यंत्रसामग्री आणि वेग. आणि कमजोरी? बिल. आमच्या परिचयातील एका मुकादमाला हृदयविकाराचा झटका आला. घरच्यांनी आधी पैसे जमवले, मग गाडी शोधली, आणि थेट नाशिकच्या वाटेला लागले. जवळच ईसीजी काढून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले असते तर हृदयाचे बरेच नुकसान टळले असते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. मुकादम वाचला, पण त्याला पुन्हा पूर्ण पाळी करता आली नाही. अशा वेळी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट मिळते. जवळ जी सोय असेल ती आधी घ्यावी, नाशिक त्यानंतर.

बिलाबाबत दोन दरवाजे आहेत, आणि आपले लोक ते ठोठावतच नाहीत. एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती 2012 मध्ये दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि 2024 मध्ये कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत वाढली. यात हप्ता आपण भरत नाही. व्यापारी विमा घ्यावा की नाही हा उलेमांकडचा मसला इथे त्या रूपात येत नाही. मात्र रुग्णालय योजनेत आहे आणि तोच आजार तिथे योजनेतून होतो, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्यावे. आधी रोख भरलेले पैसे मागून परत मिळत नाहीत.

दुसरा दरवाजा धर्मादाय रुग्णालयांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशानुसार झालेल्या योजनेत अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्यायच्या आहेत. चकचकीत इमारत पाहून आपण तिला खासगी समजतो. ती ट्रस्टची आहे का, हे विचारावे. ते नाकारतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत ज्या बिलासाठी चंदा गोळा होतो, त्यातली काही बिले या खाटांवर शून्य झाली असती. तो जकातीचा पैसा एखाद्या बेवेच्या घरी गेला असता.

मुंबई कर्करोगासाठी. टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासूनचे, 1962 पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे सर्वसाधारण आणि खासगी असे वर्ग आहेत आणि दरांत फार फरक आहे. घाईत, लाजेखातर वरच्या वर्गात नाव घालू नये. उपचार महिनोन् महिने चालतो, त्यामुळे राहण्याची सोय आधी पाहावी.

दहा किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या कारखानदारांनी, आपला भाग कर्मचारी राज्य विमा योजनेत आला असल्यास, नोंदणी चुकवू नये. 1 जुलै 2019 पासून मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. कारागीर आजारी पडला की तो मालकाकडेच उचल मागतो, हे लक्षात घेतले तर हा सौदा तोट्याचा नाही.

शुक्रवारी कारखाने बंद असतात. त्या दिवशी कुटुंबातील सर्वांची आधार कार्डे व रेशन कार्ड एका पिशवीत ठेवा. रेशन कार्डावर सुनेचे आणि नातवाचे नाव चढले आहे का ते पाहा. नेमके तेच राहून जाते. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसील कचेरीतून कामाच्या दिवशीच मिळतो आणि त्याला वेळ लागतो. एका वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो. एप्रिलमध्ये नवा काढून ठेवावा.