दहिवर, बर्फ आणि अनवाणी पाय

दिवाळी उलटली की आमच्या टपालाचा विषय बदलतो. पित्त, अ‍ॅसिडिटी मागे पडते आणि पाय सुरू होतात. यंदाच्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

नाशिकचे एक निवृत्त शिक्षक (वय ६८) लिहितात : रोज पहाटे साडेपाचला दहिवराने भिजलेल्या हिरवळीवर अर्धा तास अनवाणी चालतो. याने चष्म्याचा नंबर उतरतो, असं आमच्या हास्यक्लबात सांगतात. सौ. म्हणते, सर्दी ओढवून घ्याल. कोणाचं खरं?

सर, नंबर उतरणार नाही. तो बुबुळाचा बाक, डोळ्यातलं भिंग आणि नेत्रगोलाची लांबी यांवर ठरतो. गवताचा हात तिथवर पोचत नाही. आणि हास्यक्लबात आयुर्वेदाचा दाखला निघालाच, तर चरकसंहितेतल्या सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय काढून दाखवा. डोळ्यांना हितकर म्हणून तिथे सांगितलं आहे ते पादत्राण घालणं!

वहिनींचं म्हणणं मात्र मी पूर्वी हसून सोडून देत असे, आता देत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, हे खरंच. पण २००५ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात १८० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी २० मिनिटं थंड पाण्यात पाय बुडवले, उरलेल्यांनी बूटमोज्यांसकट रिकाम्या भांड्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याचं पहिल्या गटातल्या १३ जणांनी सांगितलं, दुसऱ्यातल्या पाचांनी. नाकातले विषाणू कोणी तपासले नव्हते, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे. पण पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दबा धरून बसलेल्या विषाणूला फावतं, हा त्या संशोधकांचा तर्क मला पटतो.

गवतावर चालायला माझी हरकत नाही, वेळेला आहे. स्वच्छ आकाशाच्या रात्री गवताची पाती आपली उष्णता वर सोडून देतात आणि हवेपेक्षा गार होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठतं, तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. म्हणजे पेपरातला आकडा तुमच्या तळपायाचा नव्हे. ओल्या गवतावर नि ताज्या बर्फावर चालायचा उपचार बव्हेरियातले पाद्री सेबास्टियान क्नाइप (१८२१–१८९७) यांनी गाजवला. त्यांची अट आपण सोयीने विसरतो : आधी अंग ऊबदार हवं, गारठलेल्या माणसाने गार उपचार घ्यायचाच नाही, आणि नंतर कोरडे मोजे चढवून पाय गरम होईस्तोवर झपझप चालायचं. तेव्हा ऊन पडल्यावर जा, दहा मिनिटं पुरेत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत, तेही आठवून पाहा.

सिन्नर तालुक्यातले एक वारकरी (वय ५७) : पौष वारीला दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरला अनवाणी जाण्याचा नवस आहे. बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. थंडीचा मला काहीच त्रास होत नाही. जाऊ ना?

माउली, तुमच्या पत्रातलं ‘काहीच त्रास होत नाही’ हे वाक्य वाचून मी पेन खाली ठेवलं. पौषात पहाटे त्या रस्त्यावर अनवाणी पायाला त्रास व्हायलाच हवा. कातडीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरलं की धडधाकट माणसाचेही पाय बधिर होतात, पण त्याआधी ते चांगले ठणकतात. तुमचे ठणकतच नसतील, तर थंडी सोसायची ताकद आली असं समजू नका. बहुधा साखरेने नसांची जाणीव कमी केली आहे.

आजच घरी एक करून पाहा. डोळे मिटून पडा. मुलाला सांगा, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच शिवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही. शिवल्याचं कळलं की तुम्ही ‘हो’ म्हणायचं. सहांपैकी दोन जागी कळलं नाही, तर अनवाणी वारीचा विषय संपला आणि डॉक्टरांकडे जायचा सुरू झाला. सहाही कळले, तरी बारा वर्षांच्या मधुमेहात अनवाणी चालायला मी हो म्हणणार नाही.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. बाभळीचा काटा पायात मोडलेला. तिसऱ्या दिवशी अंथरुणाला रक्त लागलं तेव्हा घरच्यांना कळलं, त्यांना स्वतःला नाहीच. दुसरी भीती मुक्कामाच्या शेकोटीची. बधिर पाय जाळाजवळ धरला की भाजल्याचं कळत नाही, सकाळी टरारलेला फोड दिसतो. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच.

नवसाबद्दल दिंडीच्या महाराजांशी बोला. वाट मऊ, बंद बुटांनी चाला, मोजे सुती, बदलायला दोन जोड जवळ. पादत्राणं सुटतील ती फक्त मंदिराच्या दारात, तिथेही मोजे पायात राहू द्या. रोज रात्री तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्यांसकट.

पुण्याच्या एक आजी : नातू एडमंटनला असतो, वय नऊ. बर्फात अनवाणी धावत जाऊन येतो, सूनबाई हसत व्हिडिओ पाठवतात. माझा जीव वर-खाली होतो.

आजी, भुसभुशीत कोरड्या बर्फात दारापासून झाडापर्यंत नि परत, अर्ध्या मिनिटाचा खेळ असेल तर काळजी नको. तीव्र वारा असेल किंवा पारा उणे पंधरा-वीस असेल, तर तेवढाही नको. सूनबाईंना एक जरूर सांगा : फुटपाथवर मीठ टाकलेलं असतं, तिथे पाय टाकू द्यायचा नाही. मिठाने बर्फ वितळतो, पण तो चिखल शून्याखालीच राहतो, आणि पाणी हवेच्या वीसेक पटींनी वेगाने उष्णता ओढतं. कोरड्या बर्फापेक्षा तो ओला काला फार वाईट.

बोटं पांढरी, मेणासारखी झाली आणि पोरगं ‘आता दुखत नाही’ म्हणालं, तर खेळ बंद. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. हाताच्या कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, पाय ठेवायचे. ऊब परतताना तो रडेल, ते चांगलं लक्षण. रंग परतलाच नाही किंवा फोड आले, तर थेट दवाखाना.

सावंतवाडीहून एक ताई : टाचांच्या भेगांतून रक्त येतं. भिरंडेल लावू की मलम आणू?

भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, उत्तम; मलम आणायची गरज नाही. पण गोळा तसाच टाचेवर घासू नका. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून टिपून घ्या. चमच्यात खडा घेऊन दिव्यावर वितळवा, बोटाला सोसेल इतकं निवलं की भेगेत भरा आणि वर जुने सुती मोजे. ब्लेडने कातडी तासत असाल तर ते आजपासून बंद. पंधरा दिवसांत भेग भरली नाही, तर साखर तपासून मग मला पत्र पाठवा.