यतीला कुणी गाव विचारत नाही

प्रश्न : रात्री जेवणं आटोपली की नातीबरोबर चिनी मालिका बघते. जुना काळ, राजवाडे, तलवारी आणि त्यात एक प्रेमप्रकरण. नायिका केस वर बांधते, पुरुषाचा झगा घालते आणि तिच्या प्रियकराला ती तीस-तीस भाग ओळखूच येत नाही! वर तिच्याशी दुसरं कुणी हसून बोललं की याच्या पोटात दुखतं. नात म्हणते, "आजी, तिकडे असंच असतं." मला काही पटत नाही. चेहरा तर तोच असतो ना? आपल्याकडे असलं काही खपलं असतं का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नातीचं निम्मं बरोबर आहे. तिकडे असंच असतं, पण इकडेही असंच होतं, आणि तेही आपल्या पुण्यात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यात बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलेलं असतं आणि अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येतो. आता अर्जुन कोण? कुंतीचा मुलगा, म्हणजे वसुदेवाच्या बहिणीचा. बलरामाचा आतेभाऊच की! तो समोर उभा आहे आणि बलराम त्याला ओळखत नाही. इतकंच काय, मोठ्या भक्तिभावाने घरी आणतो आणि सुभद्रेलाच त्याच्या सेवेला ठेवतो. हे नाटक आपण चार पिढ्या डोक्यावर घेतलं. 'बलरामा, अरे चेहरा तर बघ,' असं म्हणावंसं आपल्यालाही कधी वाटलं नाही.

तुमच्या पत्रात खरं तर दोन शंका आहेत. ओळखत कसा नाही, ही एक. आणि ओळख नसताना जळतो कसा, ही दुसरी. पहिली आधी घेऊ, कारण दुसरीचं मूळ तिच्यातच आहे.

आपण आज माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, कारण आपल्या हाताशी सतत चेहरे असतात. भिंतीवर फोटो, आधार कार्डावर फोटो, मोबाइलमध्ये तर हजारो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात असं काही नव्हतं. संध्याकाळनंतर उजेड समईचा, नाहीतर मशालीचा. मोठ्या घरच्या बायका परक्या पुरुषासमोर येत नसत. मग समोरचा माणूस कोण हे कळायचं कशावरून? डोक्यावरच्या पागोट्यावरून. पगडीची घडण, तिचा पीळ, कपाळावरचं गंध, कानातली भिकबाळी, अंगरख्याचं कापड, बरोबरचे हुजरे. शिंदेशाही पागोटं वेगळं, ब्राह्मणी पगडी वेगळी, शेतकऱ्याचं मुंडासं आणखी वेगळं. जात, धंदा, कुणाच्या दरबारातला, हे सगळं वीस पावलांवरून वाचता यायचं आणि चेहऱ्यापर्यंत जायची बहुतेकदा गरजच पडत नसे. असा समाज कपड्यांवर विश्वास ठेवतो. कपडा बदलला की तिथे माणूस खरोखरच बदलतो.

म्हणून जुने लोक भोळे होते, असं मात्र समजू नका. पुण्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वेषांतराची गोष्ट नाटकातली नाही, दप्तरातली आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते खरंच गेले का, याबद्दल इथे कुजबुज चालूच राहिली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणी उतरवली नव्हती. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला पकडून कैदेत टाकलं, तरी १७७६ साली तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे जाऊ लागले. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरलं, पुण्याला पाठवलं आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. नरसिंह चिंतामण केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावरचं.

इतके लोक फसले कसे? त्यातल्या बहुतेकांनी भाऊला कधी जवळून पाहिलंच नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांनाही मधे पंधरा वर्षं गेली होती. त्यापेक्षा मोठं कारण असं, की भाऊ परत यावा असं अनेकांना मनापासून वाटत होतं. ज्याची वाट बघतोय त्याच्या रूपात कुणी आलं की डोळे ढिले पडतात. तुमच्या मालिकेत नेमकं उलट घडतं. जिची कल्पनाही केलेली नाही ती समोर आली, तर डोळे तिला शोधतच नाहीत.

आता चीनकडे वळू. वेषांतर आपल्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही, पण वेष निराळे आहेत, आणि मला सगळ्यात जास्त ओढ याच फरकाची वाटते. आपला अर्जुन संन्यासी झाला. शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याहून निसटून आले ते गोसाव्याच्या वेषात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या गोष्टींतले हेर, राजपुत्र, प्रेमवीर, ज्याला म्हणून लपायचं असतं तो भगवी छाटी गुंडाळतो. का? यतीला कुणी गाव विचारत नाही. कुळ, गोत्र, घर हे त्याने सोडलेलं असतं, म्हणून विचारायचं काही उरतच नाही. परका पुरुष ज्या माजघरापर्यंत पोचू शकत नाही, तिथे गोसावी भिक्षा मागत सरळ पोचतो. बंद घराला आपण ठेवलेली ही एक फट होती.

चीनमध्ये वेष घेतात तो बहुधा मुलीच, आणि त्या होतात विद्यार्थी नाहीतर शिपाई. कारण त्यांच्यापुढे बंद दार होतं ते शाळेचं आणि छावणीचं. तिकडची सर्वांत लाडकी प्रेमकथा जू यिंगताई आणि लिआंग शानबो यांची. काळ साधारण चौथ्या शतकातला. मुलींना पाठशाळेत प्रवेश नाही, म्हणून यिंगताई मुलाचा वेष घेऊन हांगझोऊला शिकायला जाते. तिथे शानबो भेटतो. तीन वर्षं दोघं एकत्र शिकतात आणि त्याला पत्ता लागत नाही. तिकडच्याच दुसऱ्या गोष्टीतली मुलान बापाच्या जागी लढायला जाते आणि बारा वर्षं तिच्या सोबत्यांना ती बाई आहे हे कळत नाही. तुमच्या मालिकेतले तीस भाग त्यामानाने फार नाहीत. आणि शानबोला मूर्ख म्हणू नका. पाठशाळेत मुलगी असूच शकत नाही, हे त्याला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं ठाऊक आहे. जे असूच शकत नाही ते तो कसं बघणार?

कुठल्याही जुन्या गोष्टीत कुणी वेष बदलला, की मी आधी बघतो ते हेच : या माणसाला कुठल्या दारातून आत जायचंय? त्या काळात कुठली दारं बंद होती ते तिथे दिसतं.

आत गेल्यावर मात्र काहीतरी वेगळंच सुरू होतं, आणि तिथे तुमची दुसरी शंका येते. वेष घेतलेल्याला दुसऱ्याचं मन उघडं दिसू लागतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ साली आलं. तुम्ही ते पाहिलंच असेल. नातीने २०२५ च्या जानेवारीत सुबोध भावे यांचा 'संगीत मानापमान' हा चित्रपट पाहिला असला, तर तिलाही विचारा. श्रीमंत भामिनी गरीब म्हणून धैर्यधराला नाकारते. धैर्यधर मानी, तोही मग तिला नको म्हणतो. पुढे भामिनी साध्या मुलीच्या वेषात, वनमाला हे नाव घेऊन त्याला भेटते आणि तो या वनमालेच्या प्रेमात पडतो.

आता भामिनीची अवस्था बघा. जो मान तिला हवा आहे, तो तिच्याच डोळ्यांदेखत वनमालेला मिळतोय. वनमाला कोण? ती स्वतःच. पण भामिनी म्हणून समोर उभी राहिली तर हाच माणूस पाठ फिरवेल. ती स्वतःचीच सवत झाली आहे. पोटातलं हे दुखणं कुणाला सांगायचीही सोय नाही.

यिंगताईचंही तेच. शानबोचा निरोप घेताना ती म्हणते, 'माझी एक धाकटी बहीण आहे, अगदी माझ्यासारखी. तिला मागणी घालायला ये.' बहीण वगैरे कुणी नाही, ती स्वतःसाठीच मागणी मागवते आहे. शानबोला यायला उशीर होतो. तोवर तिच्या बापाने दुसरीकडे शब्द दिलेला असतो.

हाँगकाँगचे लेखक जिन योंग यांनी १९५७ साली वर्तमानपत्रातून एक लांबलचक साहसकथा क्रमशः लिहायला घेतली. आज नातीच्या पिढीला ज्या धाटणीच्या मालिका आवडतात, त्यांतल्या कित्येकांवर तिची छाया आहे. तिच्यात हुआंग रोंग ही हुशार मुलगी नायकाला पहिल्यांदा भेटते ती मळकट भिकारी पोराच्या वेषात. तो तिला पोटभर जेवू घालतो, आपला उबदार कोट आणि वर आपला घोडाही देऊन टाकतो. भामिनीला धैर्यधराबद्दल जे कळायला हवं होतं, ते हुआंग रोंगला पहिल्याच जेवणात कळतं : हा माणूस गरिबाशी कसा वागतो.

आता तुमचा नायक. झग्यातल्या 'मित्रा'शी दुसरं कुणी हसलं की त्याच्या पोटात दुखतं. तो मनाने तिला ओळखून चुकलाय, फक्त हे त्याच्या डोक्यापर्यंत पोचलेलं नाही. या गोष्टी रचणाऱ्यांची हीच युक्ती आहे. आवाज बदलता येतो, चाल बदलता येते, मत्सर मात्र वेषाखाली झाकत नाही. म्हणून नायकाला पहिला सुगावा लागतो तो स्वतःच्या जळफळाटातून, आणि कित्येकदा नायिकेचा वेषही त्यातूनच फुटतो.

मत्सराला चिनी लोक काय म्हणतात, माहीत आहे? 'शिर्का खाणे'. त्याची एक आख्यायिका आहे. तांग सम्राट ताईत्सोंगने आपल्या मंत्र्याला रखेली द्यायचं ठरवलं. मंत्र्याची बायको अडून बसली. सम्राटाने तिच्यापुढे प्याला ठेवला आणि सांगितलं, 'हे विष आहे. कबूल हो, नाहीतर पी.' तिने प्याला उचलला आणि गटागट रिकामा केला. आत निघाला शिर्का. तेव्हापासून तिकडे मत्सरी माणसाला 'शिर्क्याची बरणी' म्हणतात. आपण 'पोटात दुखतं' म्हणतो, ते 'शिर्का खाल्ला' म्हणतात. दोघांनीही जागा पोटाचीच धरली आहे.

मत्सराला वेष लागतोच असंही नाही. अर्धवट दिसलं तरी पुरतं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' आठवा, १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने आणलेलं. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं हे त्याच्या बायकोला, कृत्तिकेला दिसतं. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती बघत असताना फाल्गुनराव तिला बघतो. झालं! यात एकही माणूस खोटं बोललेला नाही. प्रत्येकाने जे पाहिलं ते खरंच घडलं होतं. फक्त आधीचं मिनिट कुणी पाहिलं नव्हतं.

हे नाटक पुरतं मराठमोळं आहे असा समज असतो. त्यातले नवरा-बायको इतके आपले वाटतात की तसं वाटणं साहजिकच आहे. पण देवलांनी ते आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या १७६१ सालच्या नाटकावरून घेतलं, आणि मर्फीने मोल्येरच्या १६६० सालच्या फ्रेंच नाटकावरून. भोवळ आलेल्या मुलीच्या हातून पडलेली तसबीर मोल्येरपाशीही आहे. पॅरिसहून लंडन, लंडनहून पुणे, अडीचशे वर्षं ती हातोहात फिरली आणि जिथे गेली तिथे तिने नवरा-बायकोत भांडण लावलं. देवलांनी आपलं म्हणून काय केलं, तर पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली : फाल्गुन, अश्विन, कृत्तिका, रेवती, आणि गडी भादव्या.

राहता राहिलं तुमचं 'चेहरा तर तोच असतो ना?' असतोच. आणि प्रेक्षकाला तो ओळखू यावा अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. नायिकेला खऱ्या मिशा लावून, तोंड काळवंडून ओळखू येणार नाही असं केलं, तर आपलीही फसगत होईल आणि सगळी मजा जाईल. आपल्याला माहीत आणि त्याला माहीत नाही, एवढ्यावर ही गोष्ट उभी असते. मालिकावाल्यांची रंगभूषा कच्ची असते म्हणून तिचा चेहरा दिसतो, असं नाही. तो आपल्यासाठी उघडा ठेवलेला असतो.

'मानापमान'मध्ये तर हे तीन पदरी होतं. भामिनीचं काम करायचे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. भरजरी शालू नेसलेला पुरुष भामिनी होऊन येतो, आणि मग ती भामिनी साधं लुगडं नेसून वनमाला होते. त्याच काळात चीनमध्ये मेई लानफांग हा पुरुष नट राण्यांच्या आणि नायिकांच्या भूमिका गाजवत होता. जपान्यांनी चीनचा मुलूख व्यापला तेव्हा त्यांच्यासमोर नाचायला लागू नये म्हणून त्याने मिशी वाढवली. मिशी राखली की स्त्रीभूमिका संपली, हे सगळ्यांना कळत होतं.

बालगंधर्वांना बघायला आलेल्या बायकांनाही समोर पुरुष आहे हे पक्कं माहीत होतं. तरी घरी गेल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहून तसंच लुगडं चापूनचोपून नेसायच्या, तशीच अंबाड्यावर वेणी माळायच्या. तुमच्या आजीने किंवा पणजीने हे केलं असण्याची बरीच शक्यता आहे. घरात जुना फोटो असेल, तर नातीला घेऊन पदर कसा घेतलाय ते बघा.